बारा हजार एकावा अभिप्राय

इस्लामपूरच्या नलिनी खरमाटेबाईंनी ऑनलाइन मागवलेली अँटेना उघडून पाहिली. रेडिओवरून देशोदेशीच्या हौशी मंडळींशी गप्पा मारण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, पण असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. प्लास्टिकच्या नळीत तारच नव्हती.

त्यांनी रेडिओ क्लबच्या मंडळींसमोर फोन स्पीकरवर टाकला आणि विक्रेत्या भडकमकरांना गाठलं.

"बाई, बारा हजार लोकांनी पाच-पाच तारे दिलेत," भडकमकर गुरकावले. "तुम्हालाच तेवढं जास्त कळतं का? मी स्वतः हीच अँटेना वापरतो. रोज जपानशी बोलतो."

बाई म्हणाल्या, "मग फोन कशाला? तुमच्या अँटेनेवरून मला हाक मारा. तुम्ही पाठवलेली लावून मी इथे ऐकते. आवाज आला की तक्रार मागे."

"अहो, त्या नळीवर तुम्हाला काय डोंबल ऐकू येणार?" भडकमकर बोलून गेले.

"बारा हजारांनंतर हा पहिला खरा अभिप्राय," बाई म्हणाल्या. "तुमच्याच नावानं टाकते."