काठाच्या पानांचं झुडूप

खूप खूप पूर्वीची गोष्ट. त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

तिथे एक माळीण राहायची. तिच्या परसात बकुळीखाली, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी, एक बुटकं झुडूप होतं. बारा महिने पानांनी भरलेलं. लुगड्याला असावा तसा प्रत्येक हिरव्या पानाला पांढरा काठ.

लेक सासरी निघाली की अशा झुडपाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घालायची, ही तिथली रीत. माळणीलाही तशी फांदी तिच्या आईनं दिली होती, तिचंच हे झुडूप. वर सांगितलं होतं, "बाई, हे सावकाश वाढतं. मधेच बिनकाठाची फांदी फुटेल, ती दिसली की खुड."

एका वर्षी तशी फांदी फुटलीच. नुसती हिरवीगार. बाकीचं झुडूप वर्षात चार बोटं वाढायचं, ही महिन्यात वीतभर वाढली. माळणीनं खुडायला हात नेला आणि मागे घेतला.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अगं, खुड ना ती."

"चांगलं वाढतंय ते खुडू? तुला बघवत नाही होय?"

"तसं नाही गं. लेक लग्नाची झालीय तुझी, म्हणून बोलले."

"म्हणूनच ठेवलीय. चांगली भरघोस फांदी देईन तिला!"

शेजारीण गप्प बसली. बसायला नको होतं.

दोन वर्षांत झुडूप कमरेएवढं झालं. येणारेजाणारे वाखाणायचे. त्या हिरव्या गर्दीच्या आत काठाच्या फांद्या एकेक करून वाळत गेल्या, तिकडे कुणी पाहिलंच नाही.

पाठवणीच्या दिवशी माळीण ओलं फडकं घेऊन परसात गेली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. एकाही पानाला काठ नव्हता.

लेक खाली वाकली. बुंध्याशी बोटभर फुटवा होता. दोनच पानं, पण काठाची.

"तोड, घे," आई कशीबशी म्हणाली.

"नको आई. हा तोडला तर संपलंच सगळं. धाकटीला काय देशील? याला उजेड दे."

फांदीवाचून सासरी गेलेली त्या घरची ती पहिली लेक.

पाहुणे पांगल्यावर माळणीनं विळा घेतला आणि सगळं हिरवं झुडूप स्वतःच्या हातानं छाटलं. त्या फुटव्याला देण्याजोगी फांदी यायला चार वर्षं लागली. तोवर धाकटीही तशीच गेली होती.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, जोमानं वाढतंय एवढ्यावर भुलू नका. जे जपायचं त्याचा उजेड अडवणारं वेळीच खुडा.