लांबलेला स्फोट

"तारा मेला नाही, तर मग मिनिटभर जळलं काय, सर?"

रेवती सोनटक्के जरा चिडूनच बोलली.

केळुसकर सर पडवीत सुपारी कातरत होते. आयुष्यभर खगोलशास्त्र शिकवून ते कुडाळजवळच्या आपल्या घरी येऊन राहिले होते. रेवती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. हुशार. आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होतं.

दूरच्या दीर्घिकेतून आलेल्या गॅमा किरणांच्या एका स्फोटावर तिनं प्रबंध उभा केला होता. उद्या तो विद्यापीठात द्यायचा होता.

"नियम सरळ आहे," ती म्हणाली. "झटकन विझला, तर दोन तारे आदळले. लांबला, तर एखादा प्रचंड तारा स्वतःतच कोसळून मेला. हा लांबला. आधी तुटक, झगझगीत. मग मंद होत, रेंगाळत गेला."

"असा तारा मेला की मागून सुपरनोव्हा उजळतो. तो दिसला?"

"नाही. धुळीआड असेल."

"धूळ दिसली?"

"...नाही."

"मग दिसलं काय?"

"काही दिवस लालसर उजेड. तो तळटिपेत टाकलाय."

सर कातरत राहिले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एका बाईचं रडणं ऐकू आलं. आधी हुंदके, मग बारीक, न थांबणारा सूर.

रेवतीनं आवाज खाली आणला. "शेजारी कोणी गेलं का?"

"तुला काय वाटतं?"

"गेलंच असणार. किती वेळ रडतायत त्या..."

"जाऊन ये."

ओढणी सावरून ती गेली. बऱ्याच वेळानं परतली. कपाळावर कुंकू होतं, हातात बुंदीचा लाडू.

"मुलगी काल सासरी गेली त्यांची. आज तिची खोली आवरायला घेतली, आणि..." ती थांबली. "मी त्यांना म्हटलं, धीर धरा, जाणारा माणूस परत येत नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग रडता रडता हसल्या."

सरांनी पुढची सुपारी अडकित्त्यात धरली.

"तुम्हाला माहीत होतं."

"काल अक्षता टाकून आलो."

रेवती पायरीवर बसली. लाडू तसाच हातात होता. थोड्या वेळानं तिनं तो बाजूला ठेवला, लॅपटॉप उघडला आणि धुळीचं वाक्य खोडलं. मग तळटीप उचलून वर घेतली. त्याखालची सगळी पानं आता नव्यानं लिहावी लागणार होती. उद्याचा दिवस हातचा गेला होता.

"दोन न्यूट्रॉन तारे असतील," ती सावकाश म्हणाली. "एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एक झाले. लालसर उजेड त्यांच्या मीलनाचा..."

सरांनी मान डोलावली.

तिला हलकं वाटलं. "म्हणजे तिथं कोणी मेलंच नाही, सर."

सरांनी अडकित्ता खाली ठेवला.

"असं कसं... दोघंही गेले."