मिठावरचा आवाज

मीठसुद्धा बोलायचं, त्या काळची गोष्ट. करकोच्यांचा एक थवा दरसाल मिठाच्या पांढऱ्या रणावरून पलीकडच्या तळ्याकडे जायचा. रणात मध्ये कुठेच पाणी नव्हतं. दमून जो खाली उतरे, तो मिठात तसाच मान वर करून कायमचा उभा राही.

त्या साली थव्यात धुरकी नावाची नवी सून होती. अर्धी वाट ती मजेत उडाली. मग खालून, अगदी तिच्या आईच्या आवाजात, कुणीतरी विचारलं, “धुरके, दमलीस का गं? डावा पंख जड झालाय का? श्वास पुरतोय ना?”

धुरकीनं पंखाकडे लक्ष दिलं, तर तो खरंच जड होता. श्वास नीट घ्यायला गेली, तर तो अडकला. ती थव्याखाली घसरू लागली. मीठ जवळ आलं.

“सूनबाई!” पुढून सासू ओरडली. उडतानाही सुनेला काम सांगायचं ती विसरत नसे. “माझ्या पायाला चिखल लागलाय. तो कधी पडतो ते बघत राहा. नजर हलली तर याद राख!”

धुरकी मुकाट्यानं त्या पायांकडे बघत राहिली. खालचा आवाज विचारतच होता, पण सासूचं काम सोडून त्याला उत्तर कोण देणार? पंख आपले आपण चालत राहिले आणि ती वर आली.

तळ्यावर उतरल्यावर तिनं हळूच विचारलं, “सासूबाई, तुम्हाला रणावर कुणाचा आवाज येतो?”

“माझा स्वतःचाच गं,” सासू रणाकडे पाठ करून म्हणाली. “आणि दरवर्षी तो जास्तच मायेनं विचारतो.”