अंबूनं तळ्याला दिलेलं दुखणं

एकदा काय झालं, जवळ सरका, सांगते. डोंगराच्या पायथ्याशी एक काळंशार तळं होतं. तळ्याकाठच्या गावात अंबू नावाची कासारीण राहायची. नवरा वारलेला. घरात ती, तिची लहानगी मैनी आणि नणंद गिरजा. गिरजाची जीभ तिखट, पण पोटात माया, बरं का.

अंबू बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव फिरायची. मग तिला आमवातानं धरलं. सकाळी उठावं तर घोटे सुजून टम्म, बोटं वाकडी, टाच टेकवत नाही. पाऊल टाकलं की काचांवर पडल्यासारखं. उन्हं वर येईपर्यंत पाय म्हणजे नुसती लाकडं.

गिरजा म्हणायची, "वहिनी, वैद्याकडे चला."

"बसून राहिले तर खायचं काय, वन्सं?" अंबू म्हणायची आणि लंगडत निघायची.

एका भर दुपारी ती तळ्याशी आली. वारा पडला होता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. घोटे ठणकत होते, म्हणून तिनं पाय पाण्यात सोडले. बघते तर समोर एक बाई. गळ्यापर्यंत पाण्यात. कधी आली, कुठून आली, कोण जाणे! केस ओले, आणि पापणी काही लवत नव्हती. ती तळ्यातली आसरा होती, पाण्यात राहून माणसं ओढणारी.

"दुखतंय ना? दे मला," आसरा म्हणाली.

"काय देऊ?"

"दुखणं."

अंबू फार थकली होती. म्हणाली, "घे बाई."

मग पाण्याखाली कुणीतरी तिची पावलं हातात घेतली. अगदी हळूच. आणि दुखणं गेलं. सगळं गेलं!

अंबू धावत घरी आली. मैनीला उचलून गरगर फिरली. पण पाय कोरडे असूनही जमिनीवर ठसे ओले उमटत होते. गिरजानं ते पुसले. पुन्हा उमटले. तिची नजर वहिनीच्या पायांवरून हलेना.

मग एकदा अंबूच्या टाचेत बाभळीचा काटा रुतला. आत मोडला. तिला पत्ताच नाही! वाटभर रक्त सांडत ती हसत घरी आली. गिरजानं चिंधी बांधली.

मग चुलीतला निखारा तिच्या पायावर पडला. अंबू भाकरी थापतच राहिली. मैनी म्हणाली, "आई, काहीतरी जळतंय." जळत होतं ते अंबूच्या पायाचं बोट. आता मात्र अंबू भ्याली.

आणि मग एका दुपारी ती घरात गहू निवडत बसली होती. तिचे पाय उठले. ती नाही उठली हं, पाय उठले! तळ्याच्या वाटेला लागले. अंबूनं दाराची चौकट धरली, हात सुटले. कुंपण धरलं, तेही सुटलं.

"वन्सं! पाय मला नेतायत!"

गिरजा धावली. तळ्यात अंबू गुडघाभर गेली होती, तेव्हा तिनं मागून कमरेला मिठी घातली. समोर आसरा पाण्यातून वर आली. वर आली, वर आली, पण कमरेखाली तिला काहीच नव्हतं. नुसतं पाणी गळत होतं.

"पाय माझे," ती म्हणाली. "हिला ते कळतही नाहीत."

अंबूनं कमरेभोवतीचे गिरजाचे हात घट्ट धरले. आणि म्हणाली, "पाय नव्हते दिले, बाई. दुखणं दिलं होतं. ते मला परत दे."

"रोज सकाळी रडशील."

"रडेन. पण दे."

आसरेनं तोंड उघडलं. एक लांब, गार किंकाळी निघाली आणि तळं पुन्हा सपाट झालं. त्याच क्षणी अंबूचे पाय दुखले. काटा, चटका, घोटे, सगळं एकदम! ती मोठ्यानं ओरडली. गिरजानं तिला पाठीवर घेतलं आणि थेट वैद्याच्या दारात नेऊन उतरवलं.

वैद्यानं काटा काढला, मलम लावलं, आमवाताचं औषध दिलं. मग रोज सकाळी अंबू अंथरुणातच घोटे हळूहळू फिरवायची. कोमट पाण्यानं पाय धुवायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची. गिरजा तिचे तळवे उजेडात निरखायची. कुठे लाली नाही ना, कुठे चीर नाही ना. पुढून रुंद, तळाला मऊ अशा वहाणा करून घेतल्या, त्याही संध्याकाळी पाय सुजलेले असताना माप देऊन. पाय फार ठणकले, की अंबू घरी बसायची आणि माळा गिरजाच्या खांद्यावर जायच्या.

दुखणं गेलं नाही, बाळांनो. पण नरमलं. मैनीच्या लग्नात सगळ्या मांडवाला बांगड्या भरल्या अंबूनं, आणि वरातीत चार पावलं नाचलीसुद्धा. गिरजा ओरडत होती, "वहिनी, पुरे आता!" तर अशा त्या दोघी भांडत-हसत म्हाताऱ्या झाल्या, सुखात राहिल्या. चला, मिटा डोळे. बाहेर काही नाही, वारा आहे. झोपा.