शिंपी पक्षी आणि सावरीचा कापूस

नदीकाठच्या एका जंगलात एक शिंपी पक्षी राहत असे. चोचीने पाने टाचून तो दुसऱ्या पाखरांना घरटी शिवून देई. त्याची शिवण अशी सुबक, की पाहत राहावे. पण मुलांनो, आपल्या कामाबद्दल चार शब्द बोलायची वेळ आली, की दात नसतानाही स्वारीची दातखीळ बसे! यंदा सात जोडप्यांनी घरटी सांगितली होती आणि आत घालायला कापूसच नव्हता. अंडी घालायच्या आत घरटी झाली नाहीत, तर गिऱ्हाइके तुटणार आणि धंदा बसणार, हे त्याला कळत होते.

कापूस होता तो एका म्हाताऱ्या खारीकडे. सावरीची बोंडे फुटली की ती ढोलीभर साठवी आणि गरजूंना उसना देई. हंगाम संपल्यावर त्याच्या बदल्यात बिया आणून द्यायच्या. आपल्यासारख्या चिमुरड्याला ती दारात उभेही करणार नाही, असे शिंप्याने मनाशी धरले होते. म्हणून त्याने साळुंकीला गळ घातली, की माझ्या वतीने तू बोल. साळुंकीला तेवढेच हवे होते. तिने खारीपुढे असे काही गुणगान लावले, की पानाआड लपलेला शिंपीही चकित झाला. सात घरट्यांची बोलता बोलता सत्तर झाली. खारीने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "शिवताना पान फाटलं, तर हा काय करतो?"

"आमच्या शिंप्याचं पान कधी फाटतच नाही," साळुंकी म्हणाली.

"मग त्याने फारसं शिवलेलं नसावं," असे म्हणून खार ढोलीत जायला निघाली.

आता गप्प राहिलो तर सगळेच गेले, हे उमगून शिंपी पानाआडून पुढे आला. "आजी, फाटतात. दहातली तीन फाटतात," तो म्हणाला. "फार कोवळं पान टाका घातला की चिरतं, म्हणून मी जरा जून पान घेतो. तरी एखादं जातंच. ते कुणाच्या गळ्यात मारत नाही, पुन्हा शिवतो. आणि घरटी सत्तर नाहीत, सातच आहेत."

खारीने सातही घरट्यांपुरता कापूस काढून दिला. शिंप्याला विश्वासच बसेना. "मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल," तो पुटपुटला.

"तू विचारलंस कधी? मागल्या वर्षी अर्धा कापूस ढोलीतच कुजला," खार म्हणाली. "समोरच्याच झाडावर शिवत होतास. मीही कधी हाक मारली नाही, ते चुकलंच माझं."

मागल्या वर्षी कापूस नाही म्हणून शिंप्याने एका बुलबुल जोडप्याला परत पाठवले होते. ती दोघे किती वेळ फांदीवर बसून होती, ते आठवून त्याला फार वाईट वाटले.

तात्पर्य : आपले काम आणि त्यातल्या उणिवा जो स्वतः सांगू शकतो, त्याच्यावर देणारा विश्वास ठेवतो, मात्र मागण्याआधीच स्वतःला नकार देणाऱ्याला कोणीच काही देऊ शकत नाही.