कमानीचा दगड कोंडवाड्यात

"दगडाने तुझ्या बापाचा पाय चिरडला ना? मग भरपाई दगडाकडूनच घे!" राजा प्रचंडराव म्हणाला आणि सगळा दरबार खो खो हसला. राजा बोलला की हसायचं, एवढ्या एका कामावर त्या दरबाराची पोटं भरत होती.

समोर उभी होती हौसा, येसबा पाथरवटाची लेक. राजाला महादरवाज्यावर नवी कमान हवी होती, तीही दसऱ्याच्या आत. मोठा दगड वर चढवताना दोर तुटला आणि येसबाचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. दोर कुजलाय, नवा द्या, असं येसबा आदल्या दिवशीच ओरडून सांगत होता. कारभारी विसाजीपंतांनी दोर दुरूनच पाहिला आणि "जुनाच चांगला आहे" असा निवाडा दिला. नवा दोर आला नव्हता असं नाही. तो राजाच्या झोपाळ्याला लागला होता!

आता हेच पंत म्हणत होते, "काम होत नाही, त्याला सरकारी झोपडी कशाला? दसऱ्याला रिकामी करा!" धन्य त्यांची माया!

"महाराज," हौसा म्हणाली, "पाय गेलेला माणूस जाईल कुठं? झोपडी राहू द्या आन् जन्मभर पोटापुरतं धान्य द्या. तुमच्याच दगडानं पाय नेला न्हवं?"

राजा अगदीच बुद्दू नव्हता. दगड आपला म्हटला की भरपाई आपल्या गळ्यात पडणार, हे त्याला बरोबर कळलं.

"माझा दगड? छे! डोंगरात जन्मला, आपल्या मस्तीने पडला. माझा त्याच्याशी काय संबंध? दसऱ्यापर्यंत त्याच्याकडून भरपाई वसूल करून दाखव. नाहीतर चालते व्हा!"

"मग त्या दगडाचा मालक कोण?"

"कोणी नाही!"

"ही गोष्ट गावाला पण कळू द्या, महाराज."

"हात्तिच्या! पंत, आत्ताच्या आत्ता दवंडी पिटवा!"

दवंडी पिटली. गावाने ऐकली आणि कोंडवाड्याच्या राखणदारानेही ऐकली. प्रचंडरावाच्या राज्यात कोंडवाड्याचा कायदा भारी कडक. नुकसान करणारं जे काही बेवारशी सापडेल, ते कोंडवाड्यात घालायचं. मालकाने येऊन नुकसान भरून दिल्याशिवाय सुटका नाही. राजाच्या बागेतला झेंडू खाल्ला म्हणून येसबाची शेळीसुद्धा तिथे उपाशी बसून आली होती.

दसरा उजाडला. राजा हत्तीवर बसून सीमोल्लंघनाला निघाला. पुढे गर्दी, मागे गर्दी. हत्ती ऐन कमानीखाली अडकला आणि राजाच्या पागोट्यावर भुरभुर चुना पडला.

"वर कोण मरतंय?"

"मी हौसा, महाराज! गुन्हेगार धरतेय!"

राजाने मान वर केली. परांचीवर हौसा होती, येसबाचे सोबती पाथरवट होते आणि कोंडवाड्याचा राखणदारही होता. माथ्यावरच्या दगडाच्या सांध्यात छिन्नी घातलेली होती.

"बाचा पाय चिरडणारा दगड ह्योच," हौसा म्हणाली. "गुन्हा करून तुमच्या कमानीवर चढून बसलाय. मालक कोणी न्हाई, दवंडीच पिटलीय. याला कोंडवाड्यात न्यायचा!"

तिने हातोडी हाणली. आणखी चुना पडला.

"अगं बये, तो निघाला तर सगळी कमान कोसळेल!"

"कोसळंल की! दगड आपल्या मस्तीनं पडत्यात. तुमचा काय संबंध?"

"खाली मी आहे!"

"तवा खाली माझा बा हुता."

या वेळी दरबार हसला नाही. राजाने पंतांकडे पाहिलं, तर पंत केव्हाच कमानीबाहेर सरकून उभे! स्वामिनिष्ठा म्हणतात ती हीच असावी.

हौसाने पुन्हा हातोडी उचलली.

"थांब! दगड माझा आहे! माझाच आहे! सगळे दगड माझे आहेत!"

हौसाने हातोडी खाली ठेवली. "राखणदार दादा, मालक सापडला. आता नुकसान भरून घ्या."

राजा आधी लाल झाला, मग चुन्याने माखलेलं पागोटं झटकून मोठ्याने हसू लागला. दुसरं करणार काय? छिन्नी अजून सांध्यातच होती! "झोपडी येसबाची! जन्मभर धान्य सरकारी कोठारातून! आणि पोरी, तुला बक्षीस काय हवं?"

"झोपाळ्याचा नवा दोर द्या, महाराज. कामावरच्या माणसांना लागतोय."

"आणि माझ्या झोपाळ्याला?"

"जुना बांधा की! चांगला हाय, असा पंतांचा निवाडाच हाय. पहिला झोका त्यांनाच द्या!"

राजा इतका हसला, इतका हसला, की हत्तीही हलला. पंतांना मात्र त्याच संध्याकाळी झोपाळ्यावर बसावं लागलं.