मोरवंडचे फेरीमन

ऐका, आणि गोष्ट संपेस्तोवर मध्ये बोलू नका. मोरवंडला आलेला प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, की अहो, या खारव्याच्या घराला फेरीमन हे विलायती आडनाव कुठून आलं? सांगून सांगून जिभा झिजल्या आमच्या. आता शेवटचं सांगतो. असं मी मागल्या खेपेलाही म्हटलं होतं, ते सोडा.

फार वर्षांपूर्वी, बाणी नदीवर पूल नव्हता तेव्हा, मोरवंडच्या धक्क्यावर गुणाजी तारी होडी चालवायचा. माणसं ऐलतीरावरून पैलतीरावर न्यायची, हाच त्याच्या घराचा पिढीजात धंदा. तो या काठाला खाकरला की त्या काठावरच्या म्हशी माना वर करायच्या, असं म्हणतात. राग तर नाकाच्या शेंड्यावरच बसलेला.

एकदा रस्त्याची मोजणी करायला एक गोरा साहेब आला. उंच, लाल, आणि आपलं मराठी सगळ्यांवर आजमावून बघण्याची भारी हौस. होडीत बसल्या बसल्या त्याने आपलं नाव सांगितलं, फेरीमन. आणि नुसतं सांगून थांबतो का! त्याचा सगळा इतिहास सुरू केला.

"आमच्या मुलखात माझे पूर्वज नदीवर होडी चालवीत होते," साहेब म्हणाला. "म्हणून लोक त्यांना फेरीमन म्हणत. फेरीमन म्हणजे तारी. मग तिथे पूल झाला. आजोबा दुकानात बसले, वडील कचेरीत. होडी गेली, आडनाव राहिलं."

आता बाणीकाठची एक रीत आहे. तारी दुसऱ्या तारीच्या होडीत हात बांधून बसत नाही. त्याने एक वल्हं धरायचं, आणि यजमानाने ते त्याच्या हातात द्यायचं. न देणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. गुणाजीने रीत पाळली. "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच की!" म्हणत उजवं वल्हं साहेबाच्या हाती दिलं. तिथेच त्याचं चुकलं.

साहेबाला वल्हं मारता येईना! डावीकडून गुणाजी दणकून ओढतोय, उजवीकडे साहेब पाणी नुसतं कुरवाळतोय. होडी गरकन उजवीकडे वळली, आणि धक्का सोडून थेट मसणवटीला जाऊन लागली. कोळणींच्या पाट्या कलंडल्या, आणि तोंडं अशी सुटली की विचारू नका.

"उजवं ओढ! अरे बाबा, उजवं ओढ!" गुणाजी ओरडला. रागात अहोजाहो कुठल्या कुठे गेलं. साहेब मात्र खूश. रोज येऊ लागला, रोज हात पुढे करू लागला. आणि एकदा तारी म्हणून हातात दिलेलं वल्हं परत मागता येत नाही. त्या हंगामात मोरवंडची माणसं बाजाराला मसणवटीवरूनच गेली, असं म्हणतात.

"काय पाप केलं होतं मी!" गुणाजी रोज धक्क्यावर कपाळ बडवून घ्यायचा. "म्हशीला शिकवलं असतं तर एव्हाना शिकली असती!"

मग श्रावणात बाणीला पूर आला. गुणाजीचा मुलगा गलबतावर गेलेला, आणि घरात सून साळू अडलेली. पहिली खेप, मूल आडवं. सुईण येसूआजी पैलतीराला. ती आली नाही तर दोन जीव जाणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं. पाण्याला ओढ एवढी की एकट्याने होडी निघेना, आणि दुसरं वल्हं धरायला कुणी धजेना.

तेवढ्यात साहेब आपल्या राहुटीतून भिजत आला आणि न विचारता उजव्या बाजूला जाऊन बसला.

"देवा, पाठवलास तोही हाच का रे?" गुणाजी म्हणाला आणि त्याने होडी सोडली.

जाताना होडी तशीच वाकडी गेली, ओरडून गुणाजीचा घसा बसला, पण ती पैलतीराला लागली. येसूआजीने होडीत पाय ठेवला. परत फिरल्यावर मात्र नवल झालं. होडी सरळ निघाली! साहेबाच्या हातांची सालटी गेली होती, तरी तो ओढत होता. मध्यधारेत डोंगराएवढी लाट आली. गुणाजीला पाण्याशिवाय काही दिसेना. पण उजवं वल्हं बरोबर चाललेलं त्याला कळत होतं. होडी तीरासारखी आली आणि धक्क्याला लागली.

चार चांगले शब्द बोलावेत म्हणून गुणाजी वळला, तर उजवी बाजू रिकामी. लाटेने माणूस केव्हाच नेला होता. वल्हं एकटंच वर-खाली होत होतं, आणि होडी टेकल्यावर थांबलं. असं म्हणतात, आणि येसूआजी मरेपर्यंत शपथेवर सांगायची.

साळू वाचली. मुलगा झाला. गुणाजी मात्र पूर ओसरेपर्यंत काठाकाठाने साहेबाला शोधत फिरला. साहेब काही सापडला नाही. "जन्मभर बोलतो मी," गुणाजी रडत म्हणाला, "आणि बोलायचं तेव्हाच राहिलं!"

बारशाला त्याने गावासमोर सांगितलं, "त्याच्या मुलखात होडी गेली, नाव उरलं. इथे होडी आहे. हे नाव माझ्या घरात राहील आणि वल्हं मारील." तेव्हापासून मोरवंडचे तारी फेरीमन झाले.

आता आमच्याकडेही पूल झाला. फेरीमनांचा एक पोरगा रिक्षा चालवतो, एक बँकेत आहे. पण नारळी पौर्णिमेला होडी निघते. जाताना उजवं वल्हं कधी वल्हं न धरलेल्या पाहुण्याला देतात. होडी गरगरते, आणि अख्खं गाव काठावरून वैतागून ओरडतं, "अरे बाबा, उजवं ओढ!"

येताना ती जागा मोकळी ठेवतात. दोन्ही वल्ही घरातला कर्ता मारतो आणि कुणी बोलत नाही. होडी धक्क्याला टेकली की तो उजवीकडे वळतो आणि म्हणतो, "बरोबर आणलीस रे, बाबा."